भारतीय पासपोर्टवर केंब्रिजचं मतदान

दाराच्या फटीत बोटं घालायची नाहीत, हा पहिला धडा. इंग्लंडातल्या जुन्या घरांच्या दाराला मधोमध, नाहीतर पार पायाशी, पितळी झडपेची एक फट असते. पोस्टमन त्यातून टपाल आत टाकतो. झडपेची स्प्रिंग उंदराच्या सापळ्याच्या जातीची. आतून गार वारा अडवायला राठ केसांचा ब्रश, आणि ब्रशच्या पलीकडे कधीकधी कुत्रा. भुंकणारा परवडला, हा गप्प बसून वाट बघत असतो. म्हणून निवडणुकीत पत्रकं वाटणारे मुरलेले कार्यकर्ते पिशवीत लाकडी उलथनं ठेवतात. पत्रक उलथन्याला गुंडाळायचं, फटीतून ढकलायचं आणि उलथनं मागे ओढायचं. माझं उलथनं डोशाचं होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये ते तीन आठवडे स्वयंपाकघरात परतलंच नाही. आमच्या घरी तेवढे दिवस पोळीच.

मी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीमुळे आम्ही केंब्रिजला आलो आणि मिल रोडच्या एका गल्लीत भाड्याचं घर घेतलं. तेही असलंच, एका ओळीत भिंतीला भिंत लावून उभं, पितळी फटीचं. केंब्रिज म्हटलं की लोकांना किंग्ज कॉलेजचं चॅपल आणि नदीतल्या होड्या आठवतात. मिल रोड त्यातला नव्हे. इथे बांगलादेशी वाण्याकडे कढीपत्ता मिळतो, शेजारी कोरियन दुकान, पुढे सायकलवाला, आणि मध्ये रेल्वेवरून जाणारा चढाचा पूल. या पुलाने त्या निवडणुकीत काय काय केलं ते पुढे येईलच.

सुरुवात एका पत्राने झाली. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटाकडे कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, प्रत्येक घराला विचारतं की इथे मताला पात्र असे कोण कोण राहतात. आपला काय संबंध, म्हणून मी ते पत्र रद्दीत टाकलं होतं. शेजारच्या बाईंनी ते निळ्या डब्यातून, म्हणजे रद्दी-बाटल्यांच्या डब्यातून, चक्क बाहेर काढलं. या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आमच्या सात वर्षांच्या मुलीने त्यांना पहिल्या आठवड्यातच ‘आजी’ करून टाकलं आणि त्यांनीही अर्थ विचारून ते पद स्वीकारलं. आजी म्हणाल्या, भारत राष्ट्रकुलात आहे ना? मग तुला मत आहे.

मला खरं वाटेना. घरी येऊन शोधलं तर खरंच. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीर परवान्यावर राहत असेल तर त्याला मतदारयादीत नाव घालता येतं. नागरिकत्व लागत नाही, कायमचा परवानाही लागत नाही. आणि हे नुसतं नगरपालिकेपुरतं नाही, पार्लमेंटच्या निवडणुकीलाही चालतं. माझी फ्रेंच मैत्रीण इथे पंधरा वर्षं आहे. तिला पार्लमेंटसाठी मत नाही, आणि दोन वर्षांपूर्वी विमानातून उतरलेल्या मला आहे. साम्राज्याचं उरलंसुरलं व्याज म्हणायचं. अर्ज ऑनलाइन, जन्मतारीख आणि सरकारी विम्याचा (नॅशनल इन्शुरन्सचा) नंबर टाकला, पाच मिनिटांत काम झालं.

बाबांना फोन केला. बाबा कोथरूडला असतात आणि महापालिकेवर त्यांचा जन्मजात राग आहे. ते म्हणाले, “कमाल आहे. तिकडे तुला नगरसेवक, आणि इकडे आम्हाला नाही!” ते खरंच होतं. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक कोर्टाच्या तारखांत अडकली, आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. गल्लीतलं चेंबर तुंबलं तर बाबा तेव्हाही माजी नगरसेवकालाच फोन करत होते, कारण बाकी कुणाचा नंबरच त्यांच्याकडे नव्हता.

मार्चच्या शेवटी आजींनी दार वाजवलं. त्या गेली चाळीसेक वर्षं एका पक्षाच्या सभासद आहेत. कोणत्या, ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुढचं सगळं तुम्ही त्या चष्म्यातून वाचाल. यंदा गुडघा दुखतोय, सहा गल्ल्यांची पत्रकं पडून आहेत, फिरशील का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं ते पक्षासाठी नव्हे, गुडघ्यासाठी.

इथल्या निवडणुकीची रचना आधी सांगते, कारण ती कळायला मला स्वतःला आठवडा लागला. केंब्रिज सिटी कौन्सिलमध्ये १४ वॉर्ड, प्रत्येकी तीन कौन्सिलर, एकूण ४२. पण तिघे एकदम निवडून येत नाहीत. दरवर्षी प्रत्येक वॉर्डातून एक, असं तीन वर्षं, आणि चौथ्या वर्षी काऊंटीची, म्हणजे शहरासह सगळ्या केंब्रिजशायरच्या वरच्या कौन्सिलची, निवडणूक. थोडक्यात, शहर कायम निवडणुकीत असतं. आमच्या पुण्यात चार जणांचा प्रभाग आणि चार बटणं, इथे एक कागद आणि एक फुली. उमेदवाराला अनामत रक्कम नाही. सूचक-अनुमोदक म्हणून वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या मिळाल्या की झालं. त्या वर्षी खर्चाची मर्यादा ८०६ पौंड होती, वर मतदारामागे ७ पेन्स. सहा हजार मतदारांचा वॉर्ड धरला तर सव्वाबाराशे पौंड होतात. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तेवढ्यात आपल्याकडे कार्यकर्त्यांचा चहासुद्धा व्हायचा नाही.”

आमच्या उमेदवार बाई दिवसा नोकरी करायच्या आणि संध्याकाळी साडेपाचला सायकलवरून यायच्या. मागच्या कॅरियरला पत्रकांची पिशवी, हँडलला चिखलाने माखलेलं हेल्मेट. ना गाडी, ना ध्वनिक्षेपक, ना फ्लेक्स. गल्लीत निवडणूक आहे हे कळायला कुणाच्या तरी खिडकीत चिकटवलेला एखादा रंगीत कागद शोधावा लागतो.

पत्रकं वाटणं हे हमालीचं काम. दारोदार बोलणं हे खरं. त्याचीही एक रीत आहे. पाच-सहा जण कोपऱ्यावर जमतात. एकाच्या हातात पुठ्ठ्याला लावलेली मतदारयादी, तो ‘बोर्ड’वाला. तो एकेकाला घर नेमून देतो, तिथे राहणाऱ्याचं नाव सांगतो. तुम्ही बेल वाजवता, बोलता, परत येऊन त्याला एक अक्षर सांगता. पक्का आपला, पक्का त्यांचा, कुंपणावरचा, घरी नाही. मला वाटत होतं, आपण लोकांचं मन वळवायला निघालोय. बोर्डवाल्या काकांनी पहिल्याच संध्याकाळी समजावलं की वाद घालायचा नाही. तीन मिनिटांत कुणी पक्ष बदलत नसतो. आपले कोण आहेत ते शोधायचं आणि मतदानाच्या दिवशी त्यांना घराबाहेर काढायचं, एवढंच. म्हणजे जनगणनाच, फक्त हसतमुखाने करायची.

पण मी नवखी, त्यात साडीवर जाकीट घातलेली बाई दारात बघून लोक बोलायला लागायचे. आणि बोलायचे ते सगळं एकाच विषयावर. पाच पौंड.

हा पाच पौंडांचा मामला असा. केंब्रिजभोवतीच्या भागाला केंद्र सरकारकडून विकासाचा पैसा मिळाला होता. तो खर्च करायला ग्रेटर केंब्रिज पार्टनरशिप नावाची एक वेगळीच संस्था आहे. २०२२ च्या शरद ऋतूत तिने लोकांपुढे एक योजना ठेवली. आधी बसगाड्या वाढवायच्या, शहरातलं तिकीट एक पौंड करायचं, रात्री उशिरापर्यंत आणि रविवारीसुद्धा बस. मग टप्प्याटप्प्याने सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते संध्याकाळी सात, शहराच्या हद्दीत गाडी चालवली की दिवसाला पाच पौंड. मोठ्या ट्रकला पन्नास. तो पैसा पुन्हा बसगाड्यांना. कागदावर वाचलं तर शहाणपणाचं वाटतं. मला तरी वाटलं, कारण आमच्याकडे गाडी नाही.

तिसऱ्या की चौथ्या दारात एक नर्स भेटली. अ‍ॅडनब्रुक्स हॉस्पिटल योजनेच्या हद्दीत येत होतं. ती रात्रपाळी करायची. संध्याकाळी साडेसातच्या पाळीला गेलं की पैसे नाहीत, पण सुटायची सकाळी आठला, म्हणजे घरी येताना पाच पौंड. “रात्रभर लोकांचे डायपर बदलायचे आणि सकाळी घरी जायचा दंड भरायचा,” ती म्हणाली. अंगावर निळा गणवेश तसाच होता, पायात मोजे, हातात टोस्ट. पलीकडच्या घरातला सुतार म्हणाला की माझी हत्यारं बसने न्यायची का? त्याच्या शेजारची विद्यार्थिनी तावातावाने उलट बाजूने बोलली. तिच्या छातीत दमा, घर रस्त्याला लागून, आणि खिडकीच्या चौकटीवर दर आठवड्याला काळी भुकटी बसते. ती मला आत नेऊन बोट फिरवून दाखवत होती. पांढऱ्या चौकटीवर बोटभर पांढरी रेघ उमटली, बाकी सगळं राखाडी.

तिघांनाही मी एकच उत्तर दिलं, जे मला शिकवलं होतं. आणि ते देताना मलाच ओशाळं वाटत होतं. योजना सिटी कौन्सिलची नाही. त्या पार्टनरशिपच्या मंडळावर मताचा अधिकार असलेले फक्त तिघे. एक शहराचा, एक काऊंटीचा, एक आजूबाजूच्या साऊथ केंब्रिजशायर जिल्ह्याचा. या निवडणुकीत तुम्ही जे ४२ मधले १४ निवडणार, त्यांच्या वाट्याला त्या टेबलावरची एक खुर्ची. नर्सने टोस्टचा घास घेतला आणि विचारलं, “मग मी कुणाला मत देऊ म्हणजे त्या तिघांनाही कळेल?” याचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुलाचंही तेच. मिल रोडचा पूल २०२० मध्ये करोनाच्या काळात गाड्यांना बंद केला, बस आणि सायकलींना तेवढा खुला ठेवला. २०२१ मध्ये पुन्हा उघडला. आणि या निवडणुकीच्या दोनच महिने आधी, मार्च २०२३ मध्ये, काऊंटीच्या समितीने तो पुन्हा बंद करायचा ठराव केला. गल्लीत उभी फाळणी झाली. पुलाच्या या बाजूचा दुकानदार म्हणायचा की गिऱ्हाईक तुटेल. सायकलवर दोन पोरं बसवून शाळेत नेणारी आई म्हणायची, बंद करा, जीव मुठीत धरून चढ चढते मी. दोघांच्या खिडक्यांत वेगवेगळे कागद, आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. पण पूल कुणाचा? काऊंटीचा. रस्ते काऊंटीचे, शाळा काऊंटीच्या, म्हाताऱ्यांची देखभाल काऊंटीची. खड्डे तर पूर्णपणे काऊंटीचे. बसगाड्यांची काळजी आणखी तिसऱ्याच एका प्राधिकरणाकडे, ज्याचा महापौर पीटरबरोपर्यंतचा कारभार बघतो. आदल्या ऑक्टोबरमध्ये बस कंपनीने बऱ्याच फेऱ्या परवडत नाहीत म्हणून सोडल्या, त्या याच प्राधिकरणाने पैसे घालून जगवल्या होत्या.

मग सिटी कौन्सिलकडे काय उरतं? कचरा, बागा, कॉमन्स म्हणजे गावाची गायरानं, बांधकामाच्या परवानग्या आणि स्वतःच्या मालकीची हजारो भाड्याची घरं. मिडसमर कॉमनवर वसंतात लाल गायी सोडतात, शहराच्या ऐन मधोमध, आणि त्या गायींची व्यवस्था कौन्सिल बघतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इतकं घरच्यासारखं वाटलं की फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “रस्त्यावर बसत नाहीत का?”

कौन्सिलच्या त्या भाड्याच्या घरांपैकी एका घराचं दार मला विसरता येत नाही. कौन्सिलच्या इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट. बाई दार अर्धवट उघडून उभ्या होत्या, आत टीव्ही चालू. मी पाच पौंडांचं पालुपद सुरू करणार तोच त्या म्हणाल्या, गाडी नाही माझ्याकडे, हे बघा. पोराच्या खोलीत नेलं. पलंग भिंतीपासून हातभर ओढून ठेवलेला. मागच्या भिंतीवर छतापासून खाली उतरत आलेली काळी बुरशी, जणू कुणी शाईची दौत उपडी केली. वास ओल्या गोणपाटाचा. पोरगा तेव्हा घरी नव्हता, त्याच्या उशीशी दम्याचा पंप. त्यांनी तीनदा तक्रार केली होती, माणूस येऊन फोटो काढून गेला होता. मी बाहेर येऊन उमेदवार बाईंना बोलावलं. त्यांनी पत्रक वगैरे काढलंच नाही. वहीत पत्ता, तक्रारीचा क्रमांक आणि पोराचं वय लिहून घेतलं, आणि विचारलं की बुधवारी सकाळी घरी असाल का. बोर्डवाल्या काकांनी या घरापुढे काय लिहू विचारलं तेव्हा मला पटकन अक्षर सुचेना. मत कुणाला देणार, हे विचारायचंच राहिलं होतं.

एवढ्या सगळ्या दारांत हा एकच प्रश्न असा मिळाला, जो पूर्णपणे याच निवडणुकीचा होता.

आता ओळखपत्राचं. इंग्लंडात ४ मे २०२३ ची निवडणूक ही मतदानाला सगळीकडे फोटो ओळखपत्र लागणारी पहिली. तोपर्यंत इथे केंद्रावर जाऊन नाव-पत्ता सांगितला की कागद मिळायचा! हे ऐकून मला हसू आवरेना. आपल्याकडे बूथवर नाव सांगून भागलं असतं तर बाबांचं मत सकाळी साडेसातलाच कुणीतरी देऊन टाकलं असतं. पण आजींना हा अपमान वाटत होता. “साठ वर्षं मी इथे मत देतेय, आता मी मीच आहे हे दाखवायचं?” त्यांचा पासपोर्ट २०१९ मध्ये संपलेला, गाडीचं लायसन्स नाही. आम्ही दोघींनी नियम वाचले. मुदत संपलेला पासपोर्टसुद्धा चालतो, चेहरा ओळखू आला म्हणजे झालं. ज्येष्ठांचा बस पासही चालतो. तरुणांचं रेल्वे कार्ड मात्र चालत नाही आणि विद्यापीठाचं ओळखपत्रही नाही, विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या गावात! काहीच नसेल तर कौन्सिलकडून फुकट प्रमाणपत्र मिळत होतं, त्याची मुदत २५ एप्रिलला संध्याकाळी पाचला संपली. आणि राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट चालतो. माझा निळा, तीन सिंहांचा पासपोर्ट चालत होता, आणि इथे जन्मलेल्या पोराचं कॉलेजचं कार्ड चालत नव्हतं.

मतदान नेहमी गुरुवारी. त्या गुरुवारी सगळीकडे पताका लागल्या होत्या, पण त्या निवडणुकीच्या नव्हेत. शनिवारी राजा चार्ल्सचा राज्याभिषेक होता. मी मुलीला घेऊन शाळेआधी गेले. केंद्र चर्चच्या हॉलमध्ये, ज्यात एरवी लहान मुलांचा खेळगट भरतो. दाराशी पोलीस नाही, दोरी नाही, रांग नाही. फाटकाच्या गजाला एक कुत्रा बांधून ठेवलेला. आत प्लॅस्टिकच्या घसरगुंड्या भिंतीकडे सरकवून मध्ये एक टेबल, त्यामागे दोघे कर्मचारी. एकाने पासपोर्ट घेतला. फोटो दहा वर्षांपूर्वीचा, लांब वेणीचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग मधलं नाव, म्हणजे नवऱ्याचं, आडनाव समजून यादीत शोधायला लागला. मी पत्ता सांगितला तेव्हा पट्टी सरकवत खाली आला आणि नाव सापडलं. नाव आणि पत्ता मोठ्याने वाचला. उच्चार असा केला की मुलगी खुदकन हसली.

कागद मिळाला. उमेदवारांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने, शेजारी पक्षाचं चिन्ह. लाकडी आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल! खोडता येणारी. आणि पसंतीच्या नावापुढे फुली मारायची. शाळेत बाईंनी उत्तरापुढे फुली मारली की चूक, हे बारा वर्षं डोक्यात बसलेलं. हात क्षणभर थांबला. आपल्या माणसापुढे फुली मारणं म्हणजे त्याला बाद करणं वाटत होतं. शेवटी मारली, कागद दुमडला आणि पेटीत टाकला.

मुलीने त्या कर्मचाऱ्यापुढे डावं बोट पुढे केलं. आजोबांचा शाईच्या बोटाचा फोटो घरच्या फोनवर तिने शंभरदा पाहिलाय. त्या भल्या माणसाला काही कळेना. त्याने तिचं बोट हातात घेऊन हळूच हलवलं, शेकहँड केल्यासारखं.

अकरा ते एक माझी बाहेर बसायची पाळी होती. छातीवर पक्षाच्या रंगाचं रिबिनीचं फूल लावून खुर्चीवर बसायचं आणि मत देऊन येणाऱ्याला यादीतला नंबर विचारायचा. सांगायची सक्ती नाही. हे नंबर दर तासाला कुणीतरी सायकलवरून आजींच्या बैठकीच्या खोलीत नेतो. तिथे ‘पक्के आपले’ यादीतून मत दिलेल्यांची नावं खोडतात. पुण्यात बूथबाहेर टेबल टाकून बसणारा कार्यकर्ता याद्यांवर हेच करतो. फरक एवढाच की इथे माझ्या शेजारच्या खुर्चीवर विरोधी पक्षाचे आजोबा बसले होते. ते गेली वीस वर्षं याच खुर्चीवर बसतात. त्यांनी थर्मासमधला चहा मला दिला. मी शौचालयाला गेले तेव्हा माझ्या यादीवरचे नंबर त्यांनी लिहून घेतले. मी परत येऊन तपासले, अर्थातच. बरोबर होते.

माझ्या दोन तासांत तिघे मत न देता बाहेर आले. एक विद्यार्थी कॉलेजचं कार्ड घेऊन आला होता. तो चाळीस मिनिटांनी घामाघूम होऊन पासपोर्ट घेऊन परतला. एक गृहस्थ पाकीट घरी विसरले होते, तेही आले. तिसरी, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन सेवा करणारी बाई, जांभळ्या गणवेशात. पुढच्या घरी दहा मिनिटांत पोचायचं होतं. संध्याकाळी येते म्हणाली. माझ्या पाळीनंतर आली असेल. पुढे निवडणूक आयोगाचा हिशेब आला, त्यात त्या दिवशी देशभरात सुमारे १४ हजार लोक ओळखपत्राअभावी मत न देता परत गेल्याचं म्हटलं होतं.

संध्याकाळ धावपळीत गेली. आजींच्या टेबलावर न खोडलेली नावं उरली होती, ती आम्ही वाटून घेतली. रात्री नऊला एका दारात बेल वाजवली तर माणूस टॉवेलवर, अर्ध्या दाढीला फेस. तो म्हणाला की मत सकाळीच देऊन आलो, पण बाहेर बसलेल्या त्या आजोबांना नंबर सांगितला नाही, गुप्त मतदान आहे. बरोबरच होतं त्याचं. दहाला केंद्र बंद झालं आणि मी घरी येऊन भात टाकला.

निकालात शहरावर लेबर पक्षाची सत्ता कायम राहिली, २०१४ पासून चालत आलेली. म्हणजे पाच पौंडांवरून काही झालं नाही, असं दोन-तीन आठवडे वाटलं. मग त्याच महिन्यात योजनेवरच्या लोकमताचा अहवाल बाहेर आला. चोवीस हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली होती. ७० टक्क्यांना बसगाड्या हव्या होत्या आणि ५८ टक्क्यांना पाच पौंड नको होते. जुलैमध्ये किंग्ज हेजेस वॉर्डात पोटनिवडणूक झाली आणि तिथे हुजूर पक्षाने लेबरची जागा काढून घेतली. केंब्रिजमध्ये ही घटना सूर्य पश्चिमेला उगवल्यासारखी. प्रचारात पाच पौंडांखेरीज दुसरा विषय नव्हता. सप्टेंबरमध्ये शहराच्या सत्ताधाऱ्यांनी योजनेतून अंग काढून घेतलं आणि तिघांच्या त्या टेबलावर ती संपली. त्या तिघांना कळावं असं मत कुठे द्यायचं, या नर्सच्या प्रश्नाला दोन-तीन मैलांवरच्या एका वॉर्डाने उत्तर दिलं होतं. ते तिचं मत नव्हतं, माझंही नव्हतं.

ती बातमी आली त्या दिवशी मी आणि आजी अ‍ॅडनब्रुक्सला निघालो होतो, त्यांच्या गुडघ्याच्या तारखेला. पुलाच्या उताराखालच्या थांब्यावर उभ्या होतो. पाटीवर बस ‘चार मिनिटं’, मग ‘दोन मिनिटं’, मग ‘आली’, आणि मग ती ओळच नाहीशी झाली. बस आलीच नाही. आजींनी पर्समधून बस पास काढला होता, तो परत आत ठेवला. “एक पौंडात न्यायचे म्हणे,” त्या म्हणाल्या. मी फोनवर टॅक्सी शोधायला लागले.